कुसळाचा नांगर

येरणटोला, तुमसरजवळ
ता. १४ ऑक्टोबर १९८०

प्रिय तुलाराम यास,

खेमराज हजेरीबाबूचा रामराम पोचावा. आम्ही इकडे हातीपायी धड आहोत, तुम्हीही असालच. दहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही.

तुझा पत्ता तुझ्या साळ्याकडून, परसरामकडून मिळाला. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर भेटला, बैलांचे दोर घेऊन अड्याळच्या बाजाराला निघाला होता. म्हणाला, तू कोंढ्यालाच आहेस, तिथल्या गावची ढोरं राखतोस आणि घरात सातवी शिकलेली सून आली आहे. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्या सौ. निर्मलाला अनेक आशीर्वाद. सूनबाई, दुसरीत असताना तुझा सासरा रोज माझ्या पाटीवर थुंकून ती पुसायचा, हे त्यानं तुला सांगितलं नसणार. मोठ्यानं वाच.

इकडची खबर अशी. आखरावरची चिंच अजून उभी आहे. सकाळी तिच्याखाली ढोरं जमतात, पण जातील कुठं? सडकेच्या कडेला नाही तर लोकांच्या शेतांच्या धुऱ्यावर. तुझ्यानंतर गावाला ढोरकी मिळाला नाही. घरोघरची पाळी लावली आहे, आणि गुरं राखण्यापेक्षा पाळीवरून भांडण्यात लोकांचा दिवस जातो.

आपल्या चराईच्या माळावर खाणीनं मँगनीजच्या वरची माती आणि दगड आणून टाकले, ते तू असतानाच सुरू झालं होतं. त्याची आता चांगली टेकडी झाली आहे. काळी, बोडकी, उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी. पावसाळ्यात तिची राड वाहून आपल्या बोडीत उतरते. ज्या बोडीत आपण म्हशीच्या पाठीवर बसून पोहायचो, तिथं आता म्हैस उभी राहिली तर पोट भिजत नाही. यंदा बोडीखालच्या बांध्यांत लावलेले धानाचे परे कोवळेपणीच काळे पडून गेले.

म्हणून खाणीनं जंगलखात्यातून निवृत्त झालेले वासुदेवराव नावाचे गृहस्थ आणून ठेवले आहेत, टेकडीवर झाडं लावायला. मजुरांची हजेरी मांडायला त्यांच्या हाताखाली मला दिलं. दोन सालं आम्ही निलगिरी लावली. खड्डे खणले, माती भरली, गुंड-घागरींनी पाणी वाहिलं, आणि दोन्ही चैत्रांत काड्या उपटल्या. वासुदेवराव त्या काड्यांकडे बघत म्हणाले, "बाबू, ही टेकडी होण्याआधी इथं काय होतं?" मी म्हटलं, "काही नाही साहेब, गवत." ते म्हणाले, "मग तेच का नको?"

मी बोटांवर मोजायला लागलो. कुसळ, पवन्या, तिखाडी, धायटीची झुडपं आणि बोरी, एवढी नावं आठवली. कोणतं केव्हा पिकतं, कशावर धरतं, काही सांगता येईना. तू डोळे मिटून सांगायचास.

तो माळ कसा गेला हे आता उगाळण्यात अर्थ नाही. तुझ्या अंगठ्यानं गेला असं लोक म्हणाले आणि तू चंबूगबाळं उचलून निघालास. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तू गेलास त्या दिवशी मी तुमसरला कामाला गेलो होतो, नाही तर तुला अडवलं असतं.

गवताचं तेवढं कळव.

तुझा,
खेमराज


येरणटोला
ता. ९ ऑगस्ट १९८१

प्रिय तुलाराम यास रामराम.

तुझं कार्ड गेल्या दिवाळीतच मिळालं. अक्षर सूनबाईचं, मोत्यासारखं. मजकूर मात्र अस्सल तुझा. "कुसळ कार्तिकात काळं पडलं का घे. मसणाजवळचं घे, तिथलं कोनी कापत नाही. टोचलं त बोंबलू नोको." रामराम नाही, खुशाली नाही. तरी मी ते कार्ड खिशात घालून महिनाभर हिंडलो.

आता आमचा पराक्रम ऐक, आणि हसू आलं तर हास.

आपल्या टोल्यातल्या रंभाबाईच्या हाताखाली बारा बाया घेऊन मसणाजवळचं कुसळ कापून आणलं. चांगलं दोन गाड्या भरेल एवढं. त्या कुसळानं सगळ्यांच्या लुगड्यांची चाळण केली. रंभाबाई म्हणाली, "बाबू, हे असं काटेरी बियाणं कोनी पेरते का? मानसासारकं साफ करून देतो तुमाले." मलाही ते पटलं. आपण धानवाले. बियाणं म्हटलं की ते मळलेलं, पाखडलेलं, हातात घेतल्यावर झुळझुळ ओघळणारं, ही आपल्या हाडाची सवय. बायांनी पंधरा दिवस बसून एकेका दाण्याचं कुसळ मोडलं, चोळलं, सुपानं पाखडलं. कुसळाचा ढीग शेकोटीत घातला. शेवटी एक पोतं बियाणं निघालं. इतकं देखणं की वासुदेवरावांनी मूठभर तळहातावर घेऊन बायांची पाठ थोपटली. मी तर पोत्यावर माझ्या वळणदार अक्षरात "शुद्ध बीज" असं लिहिलं.

मृग लागल्यावर उतारावर फेकलं. दोन पावसांत सगळं खाली वाहून आलं. आज टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठानं, हिरवागार पट्टा आहे, एखाद्या लुगड्याला काठ असावा तसा. आणि वर टक्कल. गावातली माणसं मला "शुद्ध बीज" म्हणून हाका मारतात.

पण यात हसण्यासारखं एवढंच. परवा खाणीचे मोठे साहेब येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं, पुढच्या पावसाळ्यात उतारानं माती धरली तर ठीक. नाही धरली तर गवतबिवत बंद, टेकडी अजून पसरू द्यायची आणि बोडीसकट टोला उठवून पलीकडे न्यायचा. चाळीस घरं, तुलाराम. त्यात तुझं रिकामं घरही आहे. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, मी दर साली छपरावर चार कवेलू सारखे करतो. कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं काय चुकलं, सांग. जमलं तर स्वतः ये. माझ्या घरी उतर. रात्री बसून बोलू, खूप बोलायचं आहे. म्हणजे गवताबद्दलच.

तुझा,
खेमराज


येरणटोला
ता. २६ सप्टेंबर १९८२

प्रिय तुलाराम,

उशीर झाला. तुझं पोतं गेल्या पौषात आलं आणि मी उत्तर देतोय भादवा सरल्यावर. त्याचं कारण याच पत्रात येईल.

परसराम पोतं डोक्यावर घेऊन आला तेव्हा लांबूनच शिव्या देत होता, कारण पोत्याच्या तरटातून निघालेली कुसळं त्याच्या मानेत रुतली होती. आत बघतो तर कुसळांचे गुंतलेले गोळे, जसेच्या तसे. म्हणाला, "माह्या भाटव्यानं, तुलारामनं सांगतलन, कुसळ मोडू नोको. थोच त्याचा नांगर होय. अन् माघात बोरं खाल्लेल्या बकऱ्या टेकडीवर बसव." एवढं बोलून पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, "अजून एक इचारलन त्यानं. त्या दिसी कागदावर थेच होतं का, जे तू वाचून दाखवलास?"

मी म्हटलं, चहा घेतोस का?

आधी गवताचं सांगतो. त्या संध्याकाळी मी एक कुसळ तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. ते वळायला लागलं. खरंच सांगतो, जिवंत असल्यासारखं पीळ सोडत फिरलं आणि त्याचं टोक माझ्या तळहाताला टोचलं. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा भरतो, आणि दर फेऱ्याला दाणा मातीत उतरतो. पन्नाशीला आलेला माणूस मी, जन्मभर हे कुसळ धोतरातून उपटून फेकत आलो. बायांनी पंधरा दिवस खपून जे शेकोटीत घातलं, तेच त्या दाण्याचं सगळं भांडवल होतं.

माघात सुखरामच्या दीडशे बकऱ्या बोरीच्या रानातून आणून टेकडीच्या टप्प्यांवर बसवल्या. त्या रात्रभर रवंथ करत आणि बोरांच्या आठोळ्या थुंकत. लेंड्यांचा थर पडला. रोहिणीत तुझे गोळे हातांनी फाडून उतारावर टाकले. रंभाबाई बडबडत होती, "अस्सं घान बियाणं माह्या बापजल्मात पेरलो नाही." पण पेरलं तिनंच, सगळ्यांत जास्त.

तुलाराम, धरलं. श्रावणातल्या तीन दिवसांच्या झडीत आम्ही सगळे बोडीच्या पाळीवर उभे होतो, टेकडीकडे तोंड करून. पाणी उतरत होतं, पण गढूळ नव्हतं. आज वरपासून खालपर्यंत गुडघाभर गवत आहे, वारा आला की एका अंगाला झुकतं. तितर बोलतात. मोठे साहेब आले, बूट भिजवून वर चढले, खाली उतरले आणि म्हणाले, टोला हलवायचं काम नाही. मला त्या क्षणी रडू आलं. मी रडलो.

आता त्या प्रश्नाचं. चांगली बातमी हातात असल्याशिवाय मला ते लिहिण्याचं धैर्य नव्हतं. तेवढा भित्रा मी आधीपासून आहे.

सूनबाई, इथून पुढचं तुला माहीत असू नये असं मला फार वाटत होतं. दोन पत्रं मी त्यामुळेच गवतावर भागवली. पण तुझ्या सासऱ्यापर्यंत पोचायला तुझ्या तोंडाशिवाय दुसरी वाट नाही. म्हणून वाच.

अडुसष्टच्या साली आखरावर पंचनामा झाला. खाणीला तो माळ हवा होता. लिहायला कोणी नव्हतं, माझं अक्षर चांगलं, म्हणून कागद मी लिहिला. तू रोज तिथं ढोरं नेणारा, म्हणून पंचात तुझा अंगठा हवा होता. तू म्हणालास, "का लिवलंस थे वाच." मी वाचलं, "या जागेत गावची गुरं पूर्वीप्रमाणे चरत राहतील." तू म्हणालास, "खेम्या वाचून रायला त मंग काय पाह्याचं?" आणि अंगठा दिलास.

कागदावर ते नव्हतं. कागदावर होतं, "सदर जागा पडीत व निरुपयोगी असून तीवर गावाचा कोणताही निस्तार नाही." निस्तार नाही, म्हणजे चराईचा आणि गवतकाडीचा कसलाच हक्क नाही. ते शब्द माझे. अक्षर माझं. पंधरा दिवसांनी मला खाणीवर हजेरीबाबूची नोकरी मिळाली.

नोकरीसाठी केलं का? हो. पण त्याहून वाईट म्हणजे मला त्यात फारसं खोटंही वाटलं नाही. धान तेवढं पीक, बाकी सगळं पडीत, असंच आम्ही समजत होतो. गवतही आणि गवतामागे हिंडणारा तूही.

पुढं माळ गेला आणि लोक तुझ्या अंगावर धावून आले. "ढोरक्यानं अंगठा देल्लन" म्हणाले. एका शब्दानं मी ते थांबवू शकलो असतो. तू गेलास त्या दिवशी मी तुमसरला नव्हतो. घरात होतो, दार लावून. तुझ्या बंडीचं चाक आमच्या दारापुढच्या दगडावर आदळलं, तो आवाज मी ऐकला.

सूनबाई, एक मागणं. हे वाचताना सासऱ्याचा चेहरा बघून तू एखादी ओळ गाळशील, एखादी मऊ करून सांगशील. तसं करू नकोस. मी केलं ते तू करू नकोस. लिहिलं आहे तेच वाच.

खेमराज


येरणटोला
ता. २४ ऑक्टोबर १९८३

तुलाराम,

वर्षभर तुझ्याकडून काही आलं नव्हतं. येऊ नयेच, असं मनाला सांगत होतो आणि रोज डाकवाल्याची सायकल बघत होतो.

तुला लिहिलं म्हणून मोकळं झालो असं वाटेना. तुला शिव्या टोल्यानं दिल्या होत्या, तेव्हा ऐकायलाही टोलाच हवा. तहसिलीतून त्या पंचनाम्याची नक्कल काढली. यंदा पोळ्याला बैल आखरावर जमले, तोरण तुटायच्या आधी मी चिंचेखाली उभा राहिलो आणि कागद मोठ्यानं वाचला. पहिल्यांदा त्यावर जे होतं ते. मग तुला जे वाचून दाखवलं होतं ते.

मग रंभाबाई पुढं आली. "तेरा वर्सं आमी त्या ढोरक्याले शिव्या देल्लो," ती म्हणाली, "अन् तू मुकाट आयकून रायलास?" मी म्हटलं, हो. ती माझ्या पायाशी थुंकली आणि निघून गेली. तेरा वर्षांत कोणी माझ्याशी एवढं खरं वागलं नव्हतं.

संध्याकाळी पंच बसले. म्हातारे गोपीचंद पाटील म्हणाले, याला जातीबाहेर घालून काय मिळणार, याला ढोरामागे घाला. तेव्हा शिक्षा ठरली: पोळ्यापासून दिवाळीच्या पाडव्याला येणाऱ्या गायगोधनापर्यंत टोल्याची सगळी ढोरं सकाळ-संध्याकाळ खेमराजनं राखायची. कामावरून रजा काढली आहे. वासुदेवरावांनी कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं. ते म्हणाले, "बाबू, दोन महिन्यांत जे शिकाल ते मला येऊन सांगा."

तुझ्या धंद्याबद्दल मी आता चार शब्द बोलू शकतो. म्हशीला नाव घेऊन हाक मारली तर ती येत नाही, ती आपल्याला ओळखते का ते आधी बघते. सुखरामची लंगडी गाय रोज एकाच ठिकाणी पळते आणि मी रोज तिथं पडतो. पोरंटोरं बांधावर बसून हजेरी घेतात: "म्हैस?" "हाजर!" "बाबू?" "चिखलात!" पण रंभाबाई गेल्या आठवड्यापासून दुपारी ताकाची गडवी आखराच्या दगडावर ठेवून जाते.

आणि परवा कार्ड आलं. सूनबाईच्या अक्षरात तीन ओळी. "मामंजींनी पत्र तीनदा वाचायला लावलं. मी एकही ओळ गाळली नाही. काल एकदम म्हणाले, टेकडीवर बोर धरली का इचार."

मी ते कार्ड वाचलं आणि ढोरं सोडून टेकडीवर पळत गेलो. (लंगडी गाय त्या दिवशी गोपीचंद पाटलाच्या धानात गेली.) गवतात बसून हातांनी चाचपत शोधलं. तुलाराम, धरली. बकऱ्या बसल्या होत्या त्या टप्प्यांवर वीतवीतभर बोरीची रोपं आहेत, काट्यांसकट. तेवीस मोजली, मग दिसेनासं झालं. धायटीही आली आहे, ती आम्ही लावली नव्हती. कुठून आली म्हणशील? तूच सांग.

पायथ्याचा पवन्या चरण्याजोगा झाला आहे. वर कुसळ अजून काळं पडतंय, तिथं ढोर घालायचं नाही, तुझा जुना नियम पाळतो. पण पायथा मोकळा करायचा असं टोल्यानं ठरवलं आहे, गायगोधनाच्या दिवशी. पंधरा वर्षांनी गावची ढोरं आपल्या माळावर पाय ठेवणार. पुढं कोण चालणार यावर पंचात वाद झाला नाही. सगळ्यांनी एकच नाव घेतलं. रंभाबाईनं तर सांगितलं, "थो आला नाही त ढोरंई जानार नाही." खाणीनं चराईला लेखी होकार दिला आहे. तो कागद मी लिहिलेला नाही, वासुदेवरावांनी लिहिला आहे, आणि तू आलास की सूनबाईकडून वाचून घे, माझ्याकडून नको.

तुझ्या घराचं छप्पर धड आहे. चूल सारवून ठेवली आहे. माझ्याकडे उतर असं या वेळी म्हणत नाही.

आलास तर मी ढोरांच्या मागं चालेन, शेपटाकडून. नाही आलास तरी माझं काम गायगोधनाला संपत नाही, असं मी पंचांना सांगून टाकलं आहे.

या पत्राखाली माझी वळणदार सही नाही, सूनबाई. त्या वळणानं एकदा फसवलं आहे. खाली जो निळा डाग दिसतो, तो सासऱ्याला दाखव. त्याला तो वाचता येईल.

निशाणी डावा अंगठा,
खेमराज